हात आपटण्याचे धडे

निशा घरत खांदा कॉलनीत एका सोसायटीच्या तळमजल्यावर ज्युदोचा वर्ग चालवायची. दुखलं तरी दुखलं म्हणायचं नाही, हा तिथला नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण पोरींना तो पाठ होता. निशा स्वतः त्याच नियमात वाढली होती. विचुंब्याच्या शेतकरी घरातून उठून राज्य स्पर्धेत दोन पदकं मिळवली ती निव्वळ हट्टाच्या जोरावर, असं ती मानायची.

तिच्या हाताखालची सगळ्यात चिवट पोर म्हणजे संजना हिलम. सतरा वर्षांची, कातकरी वाडीवरची. तिची आई चिंगी इमारतींच्या कामावर विटा-रेती वाहायची.

गेल्या वर्षीच्या जिल्हा स्पर्धेत संजनाचा उजवा हात समोरच्या मुलीच्या मांड्यांमध्ये अडकला. अशा वेळी मोकळ्या हाताने मॅटवर दोनदा आपटायचं, म्हणजे समोरची सोडते. लढत जाते, पण हात वाचतो. संजनाने आपटलं नाही. कडेला बसलेली निशा ओरडत होती, "सोडू नकोस संजना, टिक!" संजना टिकली. मग कोपर निखळलं, आणि तो आवाज निशाला खुर्चीपर्यंत ऐकू आला.

संजनाच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढे महिनाभर निशा नव्या पोरींना तिचंच उदाहरण देत राहिली.

एका संध्याकाळी चिंगी वर्गावर आली. ती भांडायला आली असेल असं निशाला वाटलं, पण चिंगी चपला काढून दारातच उभी राहिली. म्हणाली, पोरीला केस विंचरता येत नाहीत, माझ्याकडे पाठ करून बसते आणि रडते, आणि वर सांगते की मॅडमला कळू देऊ नको.

"तुमी चांगलंच शिकवता, मला ठाव हाय," चिंगी म्हणाली. "पण दुखतंय हे तिनं कोणाला सांगायचं?"

चिंगी गेल्यावर निशा मॅटवर येऊन बसली. त्या दिवशी आपण कोणासाठी ओरडत होतो, हे तिने पहिल्यांदाच स्वतःला विचारलं. पदक संजनाला हवं होतं, पण त्याहून जास्त ते आपल्याला हवं होतं, हे कबूल करायला तिला दोन दिवस लागले.

पाच महिन्यांनी डॉक्टरांनी परवानगी दिली आणि संजना परत आली. समोरचीला उचलून टाकण्यात तिचा काही फरक पडला नव्हता. पण कोणी तिचा हात धरून पाय वर टाकला की ती दगडासारखी व्हायची. श्वास कोंडायची, डोळे छताला लावायची. आपटायची मात्र नाही. निशाने सांगून पाहिलं, समजावलं, एकदा रागावलीही. पोरीचा हात हलेना.

शेवटी निशा स्वतःच मॅटवर आडवी झाली. सगळा वर्ग बघत होता. "धर माझा हात," ती संजनाला म्हणाली. संजनाने भीत भीत धरला, ताणला. कोपराला कळ लागताच निशाने मॅटवर दोनदा हात आपटला. आयुष्यात तिने कोणापुढे आपटलं नव्हतं, आणि आता वीस पोरींदेखत आपटताना तिचे कान तापले. "पुन्हा," ती म्हणाली. त्या दिवशी तिने चाळीस वेळा आपटलं. एकेचाळिसाव्या वेळी संजना म्हणाली, "आता मी झोपते."

पहिल्याच डावाला तिने इतक्या लवकर आपटलं की पोरी हसल्या. संजनाही हसली. मग हळूहळू तिला उमगत गेलं की ताण कुठवर सोसायचा, सुटायला जागा कधी असते, आणि कधी नसते. हे ओळखायला डोकं जागं लागतं, आणि श्वास कोंडला की डोकंच आधी झोपतं, हे निशालाही तेव्हाच नीट कळलं.

यंदाची स्पर्धा खारघरला होती. संजना उपांत्य फेरीपर्यंत गेली. तिथे अलिबागच्या एका उंच मुलीने तिला पाडलं आणि वळता वळता हात पकडला. निशाच्या तोंडापर्यंत गेल्या वर्षीचेच शब्द आले होते. तिने ते गिळले. संजनाने एकदा कूस बदलून पाहिली, जमलं नाही, आणि तिने दोनदा आपटलं.

मागे कोणीतरी म्हणालं, लवकरच सोडलं की.

संजना येऊन शेजारी बसली. "भीती वाटली मॅडम. खूप."

"वाटणारच. आता?"

"आता राग आलाय."

ब्राँझच्या लढतीला वीस मिनिटं होती. निशाने तिला पाणी दिलं आणि ती बाजूला झाली. हरल्यावर वीस मिनिटांत पुन्हा उभं राहायचं असतं तेव्हा माणसाला थोडा वेळ एकटं सोडावं लागतं. संजना भिंतीकडे तोंड करून श्वास मोजत राहिली. लढतीत समोरच्या मुलीने तिच्या कोपरावरची पट्टी हेरली होती, पहिल्या झटक्यापासून ती त्याच हाताला ओढत राहिली. संजनाने दोनदा हात सोडवून घेतला. तिसऱ्यांदा ती ओढीबरोबर आत शिरली, मुलीला कुशीवर पाडलं आणि पाठीवर लोळवून दाबून धरलं. पंचांनी वीस सेकंद मोजून संजनाच्या बाजूने हात वर केला.

पदक गळ्यात पडल्यावर निशाला वाटलं, पोर आता आईला फोन करेल. तिने केला, पण दोनच वाक्यांत उरकला. मग म्हणाली, "मॅडम, त्या अलिबागवालीने हात कसा धरला ते मला कळलंच नाही. शिकवाल?"

"मलाही येत नाही तो डाव," निशा म्हणाली.

दोघी त्या उंच मुलीला शोधायला गेल्या. ती जिन्याखाली केळं खात बसली होती. आधी लाजली, मग केळं बाजूला ठेवून उठली आणि म्हणाली, सोपं आहे, फक्त गुडघा आधी टेकवायचा. संजना तिथेच फरशीवर आडवी झाली. निशाही गुडघे टेकून शेजारी बसली, नीट दिसावं म्हणून.