रागावलेले निरोप

आमच्या हिचा आवाज म्हणजे तोफ. पोहण्याच्या तलावावर ती मुलांना शिकवायची. या काठावरून तिनं "पाय मार!" म्हटलं की त्या काठावरची, तिच्या वर्गात नसलेली मुलंसुद्धा पाय मारायची. घरी हीच तोफ माझ्याकडे वळलेली असे. माझं उत्तर ठरलेलं होतं, "ऐकतोय. बहिरा नाही मी."

मग तिच्या घशात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. जीव वाचला, घर मात्र मुकं झालं. बोलण्यासाठी गळ्याला लावायचं एक यंत्र मिळालं होतं, पण त्यातून निघणारा सपाट, घरघरता आवाज ऐकून तिनं ते कपाटात टाकलं ते टाकलंच. ती पाटीवर लिहून बोलू लागली. पाटीवर कुणाला धड भांडता येत नाही, वाक्य पुरं होईपर्यंत राग निवतो. त्या शांततेचा मला अगदी वीट आला होता.

लेकीनं एक प्रयोगशाळा शोधून काढली. तिथं नवं संशोधन चाललं होतं. गळ्यावर आणि हनुवटीखाली एक पातळ पट्टी चिकटवायची आणि नुसते ओठ-जीभ हलवून बोलायचं. स्नायूंच्या हालचालीवरून संगणक शब्द ओळखतो आणि त्या माणसाच्या जुन्या आवाजात बोलून दाखवतो. हिनं पाटीवर लिहिलं, "हे शेवटचं. माझा आवाज नसेल तर पुन्हा कुठंही नेऊ नका."

तिथल्या संशोधक बाईंनी जुन्या आवाजाचे नमुने मागितले आणि आमची पंचाईत झाली. घरातले व्हिडिओ सगळे हिनंच काढलेले, त्यात तिचं "हसा जरा!" एवढंच. उरले माझ्या फोनमधले निरोप. मी फोन उचलत नसे, म्हणून ती निरोप ठेवायची. ते सगळे जसेच्या तसे होते. प्रेमापोटी जपले नव्हते हो, पुसायचे कसे तेच मला माहीत नव्हतं! "फोन काय शोभेला घेतलाय?" "गॅस बंद केलात का?" "अहो, किल्ली घेऊन कुठं उलथलात?" गोड बोलायचं असलं तर ती समोर बोलायची. फोनवर फक्त उद्धार.

संगणक त्यावरच शिकला.

चाचणीच्या दिवशी बाई म्हणाल्या, "पाणी हवंय, असं म्हणा." हिनं ओठ हलवले.

"पाणी हवंय!"

बाजूच्या टेबलावरचा तंत्रज्ञ खरोखरच पाणी आणायला धावला. लेक हसत सुटली. ही मात्र हसली नाही.

"मी अशी बोलायचे?" तिनं विचारलं. तेही गरजूनच.

"यंत्राला जे दिलं तेच ते शिकलं," बाई अजिजीनं म्हणाल्या. "मुलीचा आवाज मिसळला तर मऊ होईल."

हिनं पट्टीची कड नखानं उचलली. ती पट्टी निघाली असती तर पुन्हा लागली नसती, मी ओळखतो ना तिला.

"अगं, राहू दे!" मी म्हणालो. "मिसळबिसळ काही नको. हाच तुझा आवाज आहे. मला हाच हवाय."

तिनं कड पुन्हा दाबून बसवली. बाईंचा जीव भांड्यात पडला. "घरी नेऊन वापरा," त्या म्हणाल्या. "रोज थोडं प्रेमानं बोला. तेही ते हळूहळू शिकेल."

'प्रेमानं' म्हटल्यावर लेकीनं खाली मान घालून हसू दाबलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पेपर वाचत होतो. ही समोर येऊन बसली.

"अहो!"

पेपर हातातून गळाला.

"तुम्ही मला आवडता! पहिल्यापासून!"

मी नळ उघडा ठेवून आलोय, असा तो सूर. उभ्या संसारात हे वाक्य तिनं कधी उच्चारलं नव्हतं. वरच्या मजल्यावर कुणाची तरी खिडकी उघडली. मी हसतो की काय, म्हणून ती माझं तोंड निरखत होती. हसायचं कुठलं, मी पडलेला पेपर उचलून उलटाच धरला.

"ऐकतोय," मी कसंबसं म्हणालो. "बहिरा नाही मी."

"नुसतं ऐकता काय? उत्तर द्या!"

वरच्या मजल्यापर्यंत सगळं गेलंच होतं. मग मीही मोठ्यानंच दिलं.