पोळ्याच्या पाटावरचा ट्रायसेराटॉप्स

सकाळचे कोवळे ऊन उंबऱ्यावर टेकले, की आमचे हे एखादा डायनासोर उजेडात धरून उभे राहत. एक डोळा मिटलेला, मान किंचित कललेली, आणि ओठांतून सुटणारा बारीकसा 'च्च' असा नापसंतीचा ध्वनी. उमापुरातल्या आमच्या घराची सकाळ पाखरांच्या आधी त्या आवाजाने सुरू होई.

गेवराईला बी-बियाण्यांचे दुकान चालवणाऱ्या माणसाने काचेच्या कपाटात लुप्त झालेल्या प्राण्यांच्या प्रतिकृती मांडाव्यात, याचे गावाला अजून हसू येते. लग्नानंतर काही वर्षे मलाही येत असे. पण त्या छंदात त्यांचा सारा स्वभाव उतरलेला आहे. नवा प्राणी आला, की आधी स्टीलची पट्टी लावून नाकापासून शेपटापर्यंत त्याचे माप घ्यायचे, प्रतिकृती पस्तीसपट लहान म्हणून त्याला पस्तिसाने गुणायचे आणि खरा प्राणी एवढाच होता का ते ताडून पाहायचे. मग घडण: कातडीच्या सुरकुत्या, नखांची वळणे, पोटाखाली दोन भाग जोडल्याची रेघ. शेवटी रंग, आणि रंगापाशी आल्यावर हा माणूस अगदी निर्दय होई. डोळ्याच्या कडेबाहेर केसभर ओघळलेला रंगही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. हीच नजर माझ्या साडीवर, भाजीवर आणि पाहुण्यांच्या चपलांवरही फिरे, आणि सगळ्यांत काही ना काही खोट निघे. मी वैतागायचे, पण मनातून त्या नजरेचा मला धाक होता आणि थोडा अभिमानही.

यंदाच्या उन्हाळ्यात ती नजर मावळू लागली. आधी डोळे हलवताना ठणका, मग धुके, आणि एके दिवशी जेवताना त्यांनी लाल मिरचीच्या ठेच्याकडे बघत विचारले, "आज ठेचा असा मातकट काहून दिसतोय?" संभाजीनगरच्या डॉक्टरांनी सांगितले, की दोन्ही डोळ्यांच्या नसांना सूज आली आहे, इंजेक्शनांनी दृष्टी बहुधा परतेल, पण रंग, विशेषतः लाल, कितपत परतेल हे आत्ताच सांगता येणार नाही.

मग पाऊस आला, शेते हिरवी झाली, आणि आमच्या घरात एक विचित्र शांतता वस्तीला आली. धुके हळूहळू विरले, त्यांना वाचता येऊ लागले. पण रंगांविषयी विचारले की ते विषय बदलत. कपाटासमोरून ते खाली मान घालून जात. आजारापूर्वी मागवलेला एक प्राणी खोक्यातच बंद राहिला. आणि सर्वांत वाईट म्हणजे ते प्रत्येक गोष्टीला "चांगलं हाय" म्हणू लागले. खारट आमटी चांगली, पातळ चहा चांगला. इतकी वर्षे ज्या कौतुकासाठी मी जीव टाकला, ते असे ओंजळीने मिळू लागल्यावर मला त्याची भीती वाटू लागली.

पोळ्याच्या सकाळी आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, पाटावर कुंभाराकडची मातीची बैलजोडी मांडली होती. पुरण शिजवून मी बाहेर आले तो काय, बैलांच्या शेजारी ते खोक्यातले जनावर उभे. वीतभराहून थोडा मोठा ट्रायसेराटॉप्स: तीन शिंगे, मानेभोवती सुपासारखी ढाल, आणि कपाळावर ठसठशीत हळद-कुंकू.

"आत्याबाई, हे काय केलंत?"

"शिंगाचं जनावर हाय ना? मग पोळ्याच्या दिवशी त्याला खोक्यात कोंडून ठिवावं व्हय?" त्या शांतपणे म्हणाल्या.

एरवी अशा प्राण्याला ओल्या बोटाचा स्पर्श झाला असता, तरी यांनी घर डोक्यावर घेतले असते. मी पुसायला पदर पुढे केला आणि हात तिथेच थांबला. पुसले तर ओरडा वाचेल, पण त्यांना ते कुंकू दिसते का, हे मला कधीच कळणार नाही. मी पदर आवरला. आरतीचे ताट हातात घेऊन उभी राहिले.

हे स्नान करून आले, पाटासमोर बसले, हात जोडता जोडता थबकले. मग त्यांनी तो प्राणी उचलला आणि दारातल्या उजेडात नेला. पट्टी मागितली. माप घेऊन पुटपुटले, "लांबी बरोबर हाय. डोकं जरा मोठं केलंय." पोटाखालून अंगठा फिरवला. "सांधा लागतोय हाताला. सुरकुत्या मातर लई झ्याक कोरल्यात." माप आणि घडण बोटांनाही कळते, मी रंगाची वाट पाहत होते. ते प्राणी फिरवत राहिले, एक डोळा मिटून, मग दुसरा मिटून. इतका वेळ, की आता "चांगलं हाय" येणार असे मी धरूनच चालले.

"माय," ते म्हणाले, "हे कुंकू तू लावलं?"

कुंकू काय, आईचा स्वभाव ठाऊक असणाऱ्याने वासानेही ओळखावे. माझा जीव अजून भांड्यात पडला नव्हता.

"कपाळावर लावलं ते लावलं," ते पुढे म्हणाले, आणि आवाज चढत गेला, "पर ते खाली उतरलंय की. याचा डोळा नारिंगी हाय. त्या नारिंगीत तुझं हे लाल मिसळलंय. सगळ्या रंगाची वाट लावलीस बघ तू."

आत्याबाई तोंडावर पदर घेऊन रडू लागल्या. यांना वाटले, आपण फार बोललो. ते गोंधळून माझ्याकडे पाहू लागले. मी ताट खाली ठेवले आणि उंबऱ्यावरच बसले. मला हसू येत होते आणि डोळेही वाहत होते. मग त्यांनाही उमगले. प्राणी परत उजेडात धरून ते बराच वेळ त्या लाल ओघळाकडे पाहत राहिले, आणि तो पुसायला त्यांचा हात काही उठला नाही.

दुपारी जेवताना पुरणात वेलची जास्त झाली म्हणून त्यांनी कुरकुर केली, आणि मी त्यांच्या पानात आणखी एक पोळी वाढली. माणूस डोळ्यांसमोर असूनही घरातून किती दूर जाऊ शकतो, हे मी या पावसाळ्यात पाहिले. केव्हातरी काळ आम्हा दोघांतल्या एकाला खरोखरच घेऊन जाईल; मी मागे उरले, तर मला त्यांचे कौतुकाचे शब्द आठवले नाहीत तरी चालतील, त्यांनी काढलेली एकेक खोट तेवढी आठवावी.