टाइलवरचा नखाएवढा ठिपका

मित्रांनो, गोंद कडक करणाऱ्या हार्डनरची बाटली नेहमीपेक्षा जराशी जास्त दाबली, तर एका म्हाताऱ्या माणसाला अख्खा रविवार मिळणार होता. निदान त्याचा हिशेब तसा होता. जाणार काय, तर चार थेंब. इतक्या स्वस्तात रविवार पदरात पडत असेल तर कोण सोडेल? त्यानेही सोडला नाही. ते चार थेंब माझ्या अंगावर पडले, म्हणून पुढची हकीकत सांगण्याचा हक्क माझा.

मी एक जुनी, पांढरी, कोपरा उडालेली टाइल आहे. मातीची भुकटी दाबून माझा आकार केला, वर काचेसारखा गुळगुळीत थर दिला आणि भट्टीत घालून मला भाजले. माझ्या बहिणी या घराच्या न्हाणीघरात भिंतीला लागल्या. मी मिस्त्रीच्या हातून पायरीवर पडले आणि कोपरा गमावून बसले. "राहू दे ही, लागेल कुठेतरी," असे तो म्हणाला. ज्या वस्तूबद्दल हे वाक्य बोलले जाते ती सहसा कुठेच लागत नाही. मी सात वर्षे पाण्याच्या टाकीमागे उभी होते. माझी कुणाला आठवण आली नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही दुसऱ्या कुणाची आली नाही.

मग या घरात सून आली. ती कवळ्या बनवणारी. दातांच्या डॉक्टरांकडून तिच्याकडे साचे येत आणि बाहेरच्या खोलीत बसून ती लोकांचे हसू तयार करी. तिचा नवरा कामासाठी परगावी असे, दोन महिन्यांतून एकदा येई. घरात उरले सासू-सासरे. सासूबाईंनी उभे आयुष्य शिंप्याच्या दुकानात कॉलर शिवल्या होत्या. सासरे बावीस मजली इमारतीत लिफ्टमन होते. आयुष्यभर वर गेले आणि लगेच खाली आले. त्याची भरपाई म्हणून की काय, त्यांना छोटी विमाने बनवून उडवण्याचा नाद होता.

पण त्यांची नजर चालली होती. एक डोळा गेलाच होता. दुसऱ्याला समोरचे दिसे, कडेचे मात्र महिन्या-महिन्याला मिटत चालले होते, आणि गेलेले परत येणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. लाकूड कापताना त्यांनी दोनदा बोट कापले. तिसऱ्यांदा सुनेने सुरी काढून घेतली.

"एक मोठं विमान करू या, बाबा," ती म्हणाली. "पिवळंधमक. सावकाश उडणारं. तुम्हाला आभाळात दिसेल असं."

"तुला काय येतं विमानातलं?"

"लोकांच्या तोंडात बसतील असे दात करते. लाकडाला लाकूड बसवणं त्याहून सोपं असेल. लाकूड तक्रार करत नाही."

गोंद कालवायला तिला गुळगुळीत, न शोषणारे असे काहीतरी हवे होते. टाकीमागून तिने मला बाहेर काढले, स्पिरिटने पुसले आणि टेबलावर ठेवले. मित्रांनो, त्या दिवशी मला पहिल्यांदा कळले की मी पांढरी आहे.

तिने इपॉक्सी गोंदाच्या दोन जोड्या आणल्या होत्या. एक पाच मिनिटांत धरणारी, एक तीस मिनिटांत. प्रत्येक जोडीत दोन बाटल्या, एकीत रेझिन, दुसरीत हार्डनर. दोन्ही वेगवेगळ्या असेपर्यंत नुसत्या चिकट. एकत्र आल्या की दगड.

"पाच मिनिटांत होतं तर अर्धा तास कशाला घालवायचा?" सासऱ्यांनी विचारले.

"पाच मिनिटांचं लाकडात मुरत नाही, वरच्या वर बसतं. शेपटीची बिजागरी, मैदानावरची डागडुजी, एवढ्याला ठीक. पण पंखांचा मधला जोड, मोटर बसते ती भिंत, चाकांचा ठोकळा, इथे सगळा जोर येतो. तिथे तीस मिनिटांचंच. आणि तेही रात्रभर हात न लावता."

"लग्न जुळवण्यासारखंच आहे की."

"तुम्ही आईंना किती वेळात हो म्हणालात?"

"पाच मिनिटांत," सासूबाई इस्त्री तपासत म्हणाल्या. "म्हणून तर अजून डागडुजी चाललीय."

कामे वाटली गेली. सून कापी आणि जोडी. सासूबाई पंखांवर प्लास्टिकची पातळ पिवळी फिल्म इस्त्रीने बसवत. चाळीस वर्षे कॉलरची टोके काढलेल्या त्या हाताला एक सुरकुती खपत नसे. सासऱ्यांकडे एकच काम उरले होते, कालवण्याचे. सून माझ्या अंगावर रेझिनची एक रेघ ओढी, शेजारी हार्डनरची तेवढ्याच लांबी-जाडीची दुसरी ओढी आणि काडी त्यांच्या हातात देई. ते मिनिटभर कालवत. घड्याळ दिसत नसे, म्हणून मजले मोजत. बावीस मजले वर, बावीस मजले खाली. तळमजल्याला लिफ्ट लागली की गोंद तयार.

गोंद लावण्याआधी सून लाकूड पॉलिश पेपरने खरवडे, पुसून घेई आणि गोंद नेमका तेवढाच लावी. सासऱ्यांनी "अजून थोडा घाल" म्हटले की तिचे उत्तर ठरलेले होते, "आपल्याला विमान उडवायचंय, गोंद नाही."

उरलेल्या गोंदाचा नखाएवढा ठिपका ती माझ्या अंगावर ठेवी. त्याभोवती पेन्सिलने वर्तुळ, शेजारी तारीख. दुसऱ्या दिवशी त्या ठिपक्यावर नख दाबायचे. नख उमटले नाही, तर आतला जोडही पक्का. उमटले, तर विमान घरीच. या घरात तो कायदा होता. मी त्या कायद्याची वही होते आणि मला त्याचा फार गर्व होता.

साडेतीन महिन्यांत विमान झाले. फक्त पंखांचा मधला जोड राहिला. आधीचे दोन रविवार लाकूड यायला उशीर झाला म्हणून हुकले होते. त्या शुक्रवारी डोळ्यांची तपासणी झाली. परतल्यावर सासऱ्यांनी चहा घेतला नाही. बशीत बोट फिरवत बसले.

"काय म्हणाले डॉक्टर?" सासूबाईंनी विचारले.

"म्हणाले, जे बघायचंय ते बघून घ्या."

शनिवारी संध्याकाळी सुनेने पंखांचे दोन भाग टेबलावर मांडले, मधली प्लायची पट्टी घासून ठेवली आणि तीस मिनिटांच्या बाटल्या काढल्या. खोलीत गारठा होता. गारठ्यात इपॉक्सी आळशी होते, हे सासऱ्यांना ठाऊक होते.

"सकाळपर्यंत होईल का?"

"व्हायला हवं. बाटल्या गरम पाण्यात ठेवल्यात. नाही झालं तर पुढचा रविवार."

पुढचा रविवार हे दोन शब्द ती किती सहज बोलली. तिच्याकडे पुष्कळ होते.

तिने माझ्यावर दोन रेघा ओढल्या. तेवढ्यात दार वाजले. डॉक्टरांचा माणूस कवळी न्यायला आला होता. ती बाहेर गेली. सासऱ्यांनी चाचपत बाटल्या उचलल्या, झाकणे हुंगून हार्डनर कोणते ते ओळखले आणि ती बाटली दाबली. एक, दोन, तीन, चार. हे कडक करणारे औषध, जास्त घातले की लवकर कडक होईल, असा त्यांचा सरळ विचार. मित्रांनो, इथेच माणसे फसतात. रेझिन आणि हार्डनर बरोबरीने लागतात. जास्तीच्या हार्डनरला धरायला जोडीदार मिळत नाही, ते मध्येच मऊ राहते आणि सगळ्यांना मऊ ठेवते. हे मला माहीत होते. पण टाइलला सांगता येत नाही.

सून परत आली तेव्हा ते काडी फिरवत होते. "अठरावा मजला," ते म्हणाले. ती हसली. तिने जोड केला, पंख चिमट्यांनी आवळले, ठिपका ठेवला, वर्तुळ काढले.

सासरे पहाटेच उठून माझ्याजवळ आले. वर्तुळ बोटाने शोधून त्यांनी नख दाबले. नख खोडरबरात रुतावे तसे रुतले. ते खुर्चीत बसले. थोड्या वेळाने त्यांनी तो ठिपका नखाने उपटला, सदऱ्याच्या खिशात टाकला, पाच मिनिटांची जोडी काढली आणि आगपेटीच्या काडीने माझ्या कडेला इवलासा गोंद कालवून त्या जागी नवा ठिपका ठेवला. बावीस मजले त्यांनी तेव्हाही मोजले. खोटे करतानासुद्धा माणूस शिस्त सोडत नाही, हे मी तेव्हा पाहिले.

दीड तासाने सून आली. तिने नख दाबले. ठिपका दगड होता. पण तो वर्तुळाच्या रेघेवर बसला होता, अर्धा आत, अर्धा बाहेर, आणि थोडा पिवळसर होता. खाली आगपेटीची काडी पडली होती. जी बाई लोकांच्या दातांच्या चौदा छटा ओळखते, तिला दोन गोंदांमधला फरक कळणार नाही?

तिला सगळे कळले. स्वयंपाकघरात सासूबाई थर्मास भरत होत्या. खोलीच्या दारात सासरे इस्त्रीचा सदरा घालून, बुटांची नाडी बांधून तयार उभे होते.

"कडक आहे का गं?" त्यांनी विचारले.

"कडक आहे," ती म्हणाली.

तिने विमान गाडीत ठेवले. मैदानावरच्या डागडुजीसाठी मी हत्यारांच्या पेटीत असतेच. पेटीचे झाकण लागत नव्हते, त्यामुळे पुढचे सगळे मी पाहिले.

मैदानात तीन-चार विमानवाले होते. कडेच्या खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी लावलेली होती. ती वाळत घातलेल्या मोज्यासारखी सरळ खाली लोंबत होती. सुनेने पंख बसवले आणि रिमोट सासऱ्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. पिवळा पंख त्यांना दिसत होता. त्यांच्या चेहऱ्यावरून ते कळत होते.

मग सून आभाळाकडे पाहून म्हणाली, "बाबा, आज राहू दे. वारा फार आहे."

सासूबाईंनी त्या कापडी नळीकडे पाहिले, मग सुनेकडे, आणि थर्मासचे झाकण उगीच घट्ट केले.

सासऱ्यांनी गाल एकदा इकडे, एकदा तिकडे फिरवला. हो म्हणाले असते तर सगळे तिथेच मिटले असते. वाऱ्याला दोष देऊन ते घरी गेले असते, सुनेने गुपचूप जोड पुन्हा केला असता. तिने त्यांच्यासाठी दार उघडून धरले होते.

"वारा नाहीये," ते म्हणाले. "मला गालाला कळतं." त्यांनी खिशातून तो मऊ ठिपका काढला आणि तिच्या तळहातावर ठेवला. "हार्डनर जास्त घातलं मी. लवकर व्हावं म्हणून. सकाळचा ठिपकापण खोटा आहे."

"माहीत होतं मला."

"मग वाऱ्याचं नाव कशाला घेतलंस?"

"तुमचं घेण्यापेक्षा बरं."

सासूबाई जवळ आल्या. "अहो, लिफ्ट लवकर यावी म्हणून बटण दहादा दाबणारी माणसं असायची. घरी येऊन त्यांच्या नकला करून आम्हाला हसवायचात."

"हो," सासरे म्हणाले. "आज मीच दाबलं."

सुनेने पंख दोन्ही टोकांना धरून अगदी हलके वाकवले. मधला जोड आवाज न करता उघडला, आणि आतला गोंद तारेसारखा ताणला गेला. हे वर, झाडांच्याही वर झाले असते, आणि रिमोट त्यांच्या हातात असता.

त्या दिवशी तिघांनी मैदानाच्या कडेला बसून चहा घेतला आणि दुसऱ्यांची विमाने पाहिली. कुठले विमान कुठे आहे, ते सून सांगत होती. सासरे मान फिरवत होते.

जोड पुन्हा करायला आठवडा गेला. मऊ गोंद खरवडून काढायचा, स्पिरिटने पुसायचे, लाकूड परत खडबडीत करायचे. ताज्या जोडापेक्षा दुप्पट मेहनत. सासूबाईंनी जोडाच्या दोन्ही बाजूंची फिल्म काढून नवी बसवली, आणि घाईत इस्त्रीने बोट भाजून घेतले. कालवण्याचे काम मात्र सुनेने सासऱ्यांकडून काढून घेतले नाही. दोन रेघा ओढल्या, काडी हातात दिली आणि ती मुद्दाम पाणी प्यायला आत गेली. मी श्वास रोखून धरला. बाटल्या जागच्या हलल्या नाहीत. "पहिला मजला," असे तेवढे ऐकू आले.

विमान पुढच्या रविवारी उडाले. आठ मिनिटे. सासरे एकदाही घाबरले नाहीत, फक्त उतरवताना त्यांनी सुनेला विचारले, "जमीन किती राहिली?" आणि ती म्हणाली, "तिसरा मजला. दुसरा. आता सोडा."

आता माझ्यावर गोंद फारसा कालवला जात नाही. मी खिडकीत असते. पेन्सिलीच्या खुणा पुसट झाल्या आहेत, पण ठिपके शाबूत आहेत. मित्रांनो, तुम्ही कधी काही जोडायला बसलात तर गोंद नीट निवडा, दोन्ही रेघा सारख्या ओढा, आणि त्याला त्याचा वेळ द्या. त्याचा वेळ तुम्ही चोरलात, तर तो तुमच्यातल्याच कुणाचा तरी वेळ कापून घेतो.

आता शेवटचा हिशेब. सासूबाईंच्या खात्यावर एक दुपार आणि एक भाजलेले बोट. सुनेच्या खात्यावर एक आठवडा आणि एक खोटे, तेही वाया गेलेले. मी सगळे पाहिले आणि गप्प राहिले, माझा काही खर्च झाला नाही, त्याची मला आजही लाज वाटते. पिवळा रंग पूर्ण मिटेपर्यंत सासऱ्यांना उडवायला सहा रविवार मिळाले. सात मिळायचे होते. सातवा त्यांनी त्या चार थेंबांची किंमत म्हणून स्वतः भरला, आणि तो कमी कसा झाला, हे त्या घरात पुन्हा कुणी विचारले नाही.