कस्तुरबाईंच्या नावाच्या गोळ्या

नाव: कस्तुरबाई घेवरचंद. वय: चौसष्ट.
गोळ्या खाते ती: मी. सिद्धी, त्यांची सून. एकतीस.

तीन वर्षं असंच. मंचरच्या डॉक्टरांसमोर सासूबाई बसायच्या, मी शेजारी पिशवी सांभाळत. माझी झोप, माझी छाती, त्या स्वतःची म्हणून सांगायच्या. "सुनेला वेडाच्या गोळ्या चालू आहेत असं नारायणगावात कळलं तर? माझं काय, मला आता कोण बघायला येणार आहे!" हसायच्याही.

आता मला दोन महिन्यांसाठी दुबईला जायचंय. माझा नवरा पीयूष तिथं नोकरीला. तिकीट रविवारचं. या गोळ्या सोबत न्यायच्या तर डॉक्टरांची चिठ्ठी पासपोर्टवरच्या नावाची लागते.

पीयूष, फोनवर: "सोड ना मग दोन महिने."

मागं एकदा सोडल्या होत्या.
(इथं सहा दिवस आहेत. ते लिहीत नाही.)

मंगळवार. मंचर. मी बोलून टाकलं, "गोळ्या मी खाते."

डॉक्टरांनी सासूबाईंकडे पाहिलं. "तुम्ही जरा बाहेर बसा." त्या पदर सावरत गेल्या.

"झोप?"

"तीनला जाग येते. छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं होतं."

"हे त्यांनी सांगितलंय. तुमचं सांगा."

माझं.

माझं

"आमच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवणं होतात. भांडी घासून झाली की वाटतं, आता माझं काम नाही. आजचं नाही म्हणत मी. एकूणच."

त्यांनी कोरा केसपेपर घेतला. नाव लिहिलं. कधीपासून: आजची तारीख.

"तीन वर्षं झालीत, डॉक्टर."

"ती त्यांच्या कागदावर आहेत. तुम्हाला मी आज पहिल्यांदा तपासतोय. गोळ्या बंद करू नका. पुढच्या मंगळवारी या, चिठ्ठीचं तेव्हा बघू."

"रविवारचं तिकीट आहे."

"एका तपासणीवर मी आज लिहिलं तर ते खोटं होईल."

परतीच्या जीपमध्ये सासूबाई खिडकीशी. कळंब गेल्यावर हळूच, ड्रायव्हरला ऐकू जाणार नाही इतक्या हळू:

"माझं म्हणून सांगताना काही चुकायचं का गं?"

"नाही. बरोबर सांगायचात."

त्यांना बरं वाटलं.

मी पीयूषला लिहिलं: रविवारी येत नाही. चिठ्ठी मिळाली की येईन.

दोन निळ्या खुणा आल्या.

नारायणगाव आलं.