पहिला धूर

चिमणी हे नाव तिला लहानपणी पडलं तेव्हा शोभत असेल. आता ती एकटीने गिअरबॉक्स उचलून बाकावर ठेवणारी बाई झाली होती, तरी दादा तिला चिमेच म्हणायचा. बहीण-भावाचं मिळून गॅरेज होतं. वेगाचं वेड असलेली माणसं आपल्या गाड्या तिथे आणायची, आणि हे दोघं मूळचा एक्झॉस्ट काढून त्या जागी नवे हेडर बसवून द्यायचे. हेडर म्हणजे इंजिनातला जळका वायू बाहेर नेणाऱ्या वाकड्यातिकड्या नळ्यांचा गुच्छ. तो बसवायचं काम दादाचं, आणि त्यावर उष्णता अडवणारा लेप चढवून तो भट्टीत भाजायचं काम चिमणीचं.

दादाचं नाक ही त्या गॅरेजची खरी पाटी होती. चालू गाडीच्या मागे उभा राहून तो सांगायचा, "तेल जळतंय," किंवा "पेट्रोल जास्त जातंय," आणि इंजिन उघडलं की नेमकं तेच निघायचं. लोक कौतुकाने हसायचे. दादाही मग नाक वर करून गॅरेजभर हिंडायचा.

गेल्या हिवाळ्यात त्याला ताप आला. ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला. आधी वाटलं, सर्दी असेल, उतरेल. सर्दी उतरली. दादा साबण हुंगून बघायचा, थिनरचा डबा उघडून त्यात तोंड घालायचा, पण आत जायची ती नुसती हवा. एकदा घरी तो स्वयंपाकघरात बसलेला असताना दूध करपून भांडं काळं झालं. बायको धावत आली आणि म्हणाली, "नाक गहाण टाकलंय का?" विचारात होतो, असं सांगून त्याने वेळ मारून नेली. डॉक्टरकडे तो गेला नाही. गेलो तर ते खरं होईल, अशी काहीतरी त्याची समजूत होती. मोठी माणसंसुद्धा कधी कधी किती पोरकट वागतात!

गॅरेजमध्ये मात्र त्याने सोंग चालू ठेवलं. गाडी सुरू केली की तो पूर्वीसारखाच वाकायचा, डोळे मिटून लांब श्वास घ्यायचा आणि मान हलवायचा. बाकी सगळं तो डोळ्यांनी, कानांनी आणि बोटांनी भागवत होता. आपण कुणाला पत्ता लागू दिलेला नाही, याचा त्याला थोडा अभिमानही होता.

एकच गोष्ट त्याला खुपत होती. हल्ली चिमणी त्याने पूर्ण केलेल्या प्रत्येक गाडीभोवती फेरी मारायची. इंजिन चालू असताना वाकायची, खाली डोकवायची, मगच गाडी गिऱ्हाइकाला द्यायची. पूर्वी ती असं कधी करत नव्हती. मी आवळलेल्या बोल्टवर हिचा भरवसा नाही, असं त्याने मनाशी धरलं आणि ते मनात कुजत ठेवलं.

दातांच्या डॉक्टरीणबाईंची गाडी आली तेव्हा ते उफाळून वर आलं. बाई आठवडाभर लोकांच्या दाढा काढायच्या आणि सुट्टीच्या दिवशी रेसट्रॅकवर गाडी पळवायच्या. त्यांच्या हेडरवर चिमणीने जीव ओतून काम केलं होतं. नळ्या वाळूच्या माऱ्याने घासून काढल्या, थिनरने पुसल्या, आणि मग उघड्या बोटाने कुणी शिवू नये म्हणून स्वतः पहाऱ्याला बसली. बोटाचं तेल लागलं तर लेपाखाली ठसा कायमचा उमटतो. भट्टीतून निघालेला तो राखाडी, मऊ रंग बघून दादालाही तिला शाबासकी द्यावीशी वाटली होती. दिली मात्र नाही.

हेडर बसवून झालं. चिमणी हातमोजे घालून गाडीकडे निघाली, तसा दादा भडकला.

"कशाला? माझी परीक्षा घ्यायला?"

"अरे, नुसती बघते."

"काय बघतेस रोज रोज? आयुष्य गेलं माझं यात. उठसूट नाक खुपसायचं बंद कर!"

चिमणीने हातमोजे काढले.

"बाजारातून गॅस्केट आण जा," दादा म्हणाला. "दुसऱ्या गाडीच्या नळ्यांच्या जोडात घालायला लागणार आहेत."

"आणते. पण मी आल्याशिवाय ही सुरू करू नकोस. एवढं ऐक."

ती स्कूटरवरून गेली. डॉक्टरीणबाई आल्या, आणि दादाने लगेच गाडी सुरू केली. एकदा तरी तिच्या फेरीशिवाय गाडी बाहेर पडावी, एवढीच त्याची हौस होती.

बॉनेटखालून पांढरा धूर निघाला. बाई दचकल्या.

"घाबरू नका मॅडम. पहिला धूर माफ," दादा म्हणाला. या धंद्यातली ही जुनी म्हण. ताजा लेप पहिल्यांदा तापला की धूर सोडतोच. त्यानंतर इंजिन थंड होऊ द्यायचं, पुन्हा तापवायचं, की लेप पक्का होतो.

बाईंनी नाक आक्रसलं. "पेट्रोलसारखा वास येतोय का हो?"

दादा वाकला, डोळे मिटले, लांब श्वास घेतला. नुसती कोमट हवा.

"थिनर आहे तो," तो म्हणाला. "नळ्या पुसतो ना त्याने. जळून जाईल. हळूच एक चक्कर मारून या."

थिनर भट्टीत केव्हाच उडून गेलेलं असतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण बाई गाडीत बसल्या. त्याच्या नावावर विश्वास ठेवूनच त्या आल्या होत्या.

गाडी फाटकाबाहेर पडली आणि दादाची नजर बाकावर गेली. तिथे एक छोटी क्लिप पडली होती. हेडर आत घालताना जागा व्हावी म्हणून त्याने पेट्रोलची नळी तिच्यातून सोडवून बाजूला केली होती. ती परत अडकवायची राहिली होती. नळी लोंबून तापत्या हेडरला टेकली असणार, आणि वितळून पेट्रोल गळत असणार.

"मॅडम!" तो ओरडला. आग विझवायचा लाल सिलिंडर भिंतीवरून ओढून तो धावत सुटला.

वळणावर चिमणीने स्कूटर रस्त्यात आडवी घातली होती. समोरून येणारा धूर तिला दिसला होता आणि त्यातला पेट्रोलचा वास लांबूनच कळला होता. तिने डॉक्टरीणबाईंना दंडाला धरून बाहेर ओढलं. तेवढ्यात बॉनेटच्या फटीतून पिवळी जीभ बाहेर आली.

"बॉनेट पूर्ण उघडू नकोस! फटीतूनच मार!" धावत आलेल्या दादाला ती ओरडली.

दादाने सिलिंडर रिकामा केला. आग विझली. रस्ताभर पांढरी भुकटी पसरली. बाई फुटपाथवर मटकन बसल्या.

"काय झालं हे?" त्यांनी विचारलं.

"चूक माझी आहे," चिमणी पटकन म्हणाली. "लेप नीट भाजला गेला नव्हता. त्यानेच पेट घेतला."

दादा बघतच राहिला. त्या लेपात तिळाएवढीही खोट नव्हती. लेप हीच तर तिची सगळी कमाई होती, आणि ती रस्त्यावर उभी राहून तिच्यावर पाणी सोडत होती. का, ते त्याला त्या क्षणी समजलं. गाडीभोवतीच्या त्या फेऱ्या, ते वाकणं. बोल्ट ती कधी तपासतच नव्हती. त्याला जे करता येत नव्हतं, ते ती त्याच्यामागून गुपचूप करत होती.

गप्प बसणं किती सोपं होतं! त्याला मोह झाला नाही असं नाही.

"खोटं बोलतेय ती," तो म्हणाला. "लेप चांगला आहे. पेट्रोलची नळी मी सुटी ठेवली. आणि मॅडम, मला वास येत नाही. तापानंतर गेला."

बाई उठून त्याच्यासमोर आल्या.

"मग मघाशी वाकून, डोळे मिटून काय करत होता?"

लाजेने दादाचे कान तापले. बाईंनी फोन करून गाडी दुसऱ्या गॅरेजला ओढून न्यायला सांगितली. जाताना त्यांनी चिमणीचा हात धरला, दादाकडे पाहिलं नाही.

गॅरेजमध्ये परतल्यावर दोघं बाकावर बसले.

"कधीपासून माहीत होतं?"

"दूध करपलं तेव्हापासून. वहिनीने सांगितलं."

"मग बोलली का नाहीस गं?"

"तू सांगशील म्हणून थांबले." तिने बाकावर पडलेली क्लिप उचलून त्याच्यासमोर धरली. "आज ती बाई जळाली असती, दादा. आपण दोघांनी मिळून जाळली असती तिला."

दादाने मान खाली घातली. तिचंही चुकलंच होतं, पण ते तिला सांगायचा हक्क त्याने गमावला होता.

संध्याकाळी दुसऱ्या गाडीचं काम संपलं. गिऱ्हाईक समोरच उभं होतं. नेहमीच्या जाणत्या नजरेने ते दादाकडे बघत होतं, आता हा वाकणार म्हणून. दादाने इंजिन सुरू केलं. धूर निघाला.

तो बाजूला झाला.

"चिमे, इकडे ये," गिऱ्हाइकाला ऐकू जाईल असं तो म्हणाला. "मला वास येत नाही. तू बघ."

चिमणी वाकली. ती वर बघून मान हलवेपर्यंत दादा इंजिन बंद करायच्या तयारीने चावीवर हात ठेवून उभा राहिला.