मान हलवणारी मारियामाता

"हलली! बघा, मान हलवली मातेनं!"

डिलिया फाही ओरडली आणि गवतावर गुडघे टेकून बसलेला सगळा जमाव शहारला. आयर्लंडच्या पश्चिमेकडल्या किलमोरा गावात, इस्पितळाच्या बागेत, त्या ऑगस्टात रोज सांजेला हेच चाले. मारियामातेच्या मूर्तीच्या डोक्याभोवती निळ्या दिव्यांचं कडं पेटायचं, लोक जपमाळ हाती घेऊन प्रार्थना म्हणत डुलायचे आणि मग माता मान हलवायची.

फादर टियर्नींना त्या मानेची भाषा अचूक कळे. "सरकार म्हणतंय, इस्पितळ आमच्या ताब्यात द्या. माता काय म्हणतेय? नाही, नाही!" परवा एका शेतकऱ्यानं गवत कापू का म्हणून विचारलं, तेव्हा तीच मान 'हो' म्हणाली होती.

फाटकापाशी फिंटन मास्तर उभे होते. अर्ध्या गावाला त्यांनी पाढे शिकवले होते. त्यांचं लक्ष मूर्तीकडे नव्हतं, वरच्या मजल्यावरच्या तिसऱ्या खिडकीकडे होतं. तिथे त्यांची लेक सोरका होती. दिवस भरलेले, आणि हृदय दुबळं. तिच्या थोरल्या लेकीच्या, ऊनाच्या, जन्माच्या वेळीच डॉक्टर कॉर्कोरन म्हणाले होते, "पुन्हा दिवस गेले तर हिच्या जिवाला धोका आहे. मूल न होण्याचं ऑपरेशन आत्ताच करून टाकू." सोरकाही हो म्हणाली होती. पण इस्पितळ ननांच्या संघाचं. त्यांच्या समितीत फादर होते, सिस्टर बेनिग्ना होत्या. 'धर्मात बसत नाही,' असं उत्तर आलं. विटा सरकारच्या, खाटा सरकारच्या, डॉक्टरांचा पगारही सरकारचा. नियम तेवढा संघाचा.

"आजोबा, खरंच हलते का हो ती?" सात वर्षांच्या ऊनानं विचारलं.

मास्तरांनी कधी कुठल्या पोराला आयतं उत्तर दिलं नव्हतं. त्यांनी खिशातली पांढरी सुतळी काढली, तिला दगड बांधला आणि फाटकाच्या कमानीला टांगली. "हनुवटी ह्या गजावर टेकव. घट्ट. आता सुतळी आणि मातेचं नाक एका रेषेत धर. नाक सुतळी सोडून गेलं की सांग."

ऊना बराच वेळ बघत राहिली. पुढे आरोळी उठली, "हलली!"

"नाही हलली," ऊना म्हणाली. "नाक सुतळीवरच आहे. डिलियाबाईच हलतायत."

जवळचे दोघे-तिघे हसले. डिलिया फणकारली, "मास्तर, मातेला सुतळीनं मोजता? जीभ झडेल तुमची!"

"मोजलं मी नाही, पोरीनं. तुम्हीही या, हनुवटी टेकवा."

"श्रद्धेला मोजपट्टी लागत नाही, मास्तर," फादर मऊ आवाजात म्हणाले. "लेक वर खाटेवर आहे. निदान आज तरी गुडघे टेका."

मास्तर काही बोलणार, तोच वरच्या मजल्यावरचे सगळे दिवे एकदम लागले. मूर्ती नीट दिसावी म्हणून महिनाभर सांजेला ते मालवून ठेवत. आता भिंत, खिडक्या, पन्हळ, सगळं उजळलं. आणि माता जागच्या जागी थांबली.

"थांबली गं!" डिलिया पुटपुटली. "रागावली का?"

"रागावली नाही, बाई," मास्तर सवयीनं सांगू लागले. "अंधारात एकच दिवा एकटक बघितला, की टेकायला दुसरं काही नसल्यानं डोळाच भरकटतो. त्यात आपण डुलतो. वाटतं, दिवाच हलला. आता डोळ्याला भिंत मिळाली, म्हणून..."

वाक्य तिथेच तुटलं. तिसऱ्या खिडकीत माणसं धावत होती. ऊनाचा हात डिलियाच्या हाती देऊन मास्तर पळाले.

बाळ वाचलं. सोरका गेली.

दफनानंतर लोक मास्तरांच्या अंगणात चहाचे पेले धरून उभे होते. डिलिया खाली मानेनं म्हणाली, "मी सुतळी धरून बघितलं, मास्तर. नाही हलत."

"बरं केलंत. आता एवढंच करा. कुणी चमत्कार दाखवला की हनुवटी टेकवा आणि बघा. आणि इस्पितळ आपल्या पैशानं चालतं, तर तिथे कुणाच्या शब्दानं औषध मिळतं आणि कुणाच्या शब्दानं अडतं, तेही विचारा. विचारणं हे पाप नाही."

ऊना त्यांच्या कुशीत शिरली. "आजोबा, मातेनं खरंच मान हलवली असती, तर आई वाचली असती?"

 मास्तरांनी तिच्या केसांवरून हात फिरवला.

"ती दगडाची आहे, बाळ. तिची मान हलायची गरजच नव्हती. समितीच्या टेबलाभोवती जिवंत माणसं बसली होती. त्यांनी एकदा 'हो' म्हणून मान हलवली असती, तर पुरे होतं."