गंगारामाच्या पंच्यावरचा डाग

मी गंगारामाच्या खांद्यावरचा पंचा बोलतोय. पांढरा, लाल काठाचा. जामसंड्याच्या बाजारातून सून संचिताने मला आणलं, तेव्हा तो म्हणाला, "देवळात जावक बरो." तेव्हापासून मी देवळातलाच झालो.

कुणाचं लग्न ठरो, कुणी आजारी पडो, देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालणार गंगारामच. त्याने एकेक वाक्य म्हणायचं आणि मागच्या मंडळींनी "होय म्हाराजा" म्हणायचं. साऱ्या गावासाठी मागायचा. स्वतःसाठी मागताना मी त्याला कधी ऐकलं नाही.

पौषात त्याला खोकला लागला. संचिता म्हणाली, "बाबानू, दवाखान्यात जावया." तर म्हणे, "गो, आंब्यार फवारणी चालू आसा. तेचो वास बसलो घशात. जायत बरो." फवारणी संपली, खोकला काही संपेना. संध्याकाळी अंगात कणकण, सदरा खांद्यावरून घसरायला लागलेला. ज्येष्ठमध झालं, आल्याचा रस झाला. असे दोन महिने घालवले त्याने.

एका सकाळी तो खोकला आणि माझ्यावर रक्त पडलं. त्याने मला विहिरीवर नेऊन खसाखसा घासलं आणि कुणाला काही सांगितलं नाही. चार वर्षांची नात त्याच्या कुशीत झोपायची. माझा नुसता जीव तुटत होता.

पुढच्या सोमवारी गावातल्या मंगेशच्या नोकरीसाठी गाऱ्हाणं होतं. "बा देवा म्हाराजा," म्हणताच गंगारामाला उबळ आली. तोंड पुसून त्याने हात जोडले, तर माझं ओलं, रक्ताळलेलं टोक सगळ्यांसमोर लोंबत होतं. पहिलं वाक्य त्याने कसंबसं पुरं केलं. मागून कुणीच काही म्हणालं नाही.

शेवटी त्याचा जुना सोबती दाजी पुढे झाला. "गंगाराम, आदी दवाखान्यात चल. मगे होय म्हणतलंव."

तपासणीत क्षयरोग निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोन आठवड्यांनी खोकला थांबला नाही, तेव्हाच यायचं होतं." गोळ्या सुरू झाल्या, निदान सहा महिने तरी चुकवायच्या नाहीत. मग नातीलाही तपासलं. तिलाही तोच आजार निघाला. गंगाराम त्या दिवशी जेवला नाही.

आज मला परसात जाळायला ठेवलंय. जाळा, माझी काही तक्रार नाही. पण बाबांनो, रक्ताचा डाग धुऊन लपवू नका, आधी डॉक्टरला दाखवा. मला बोलता येत नव्हतं. त्याला येत होतं.